हिवाळ्याच्या तोंडावरची वाळू : सेंट अँड्र्यूजचे मैदान आणि त्याचा राखणदार

१/
इ.स. १८७५, नोव्हेंबरची अखेर. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सेंट अँड्र्यूज या लहानशा गावात दोन तरुण गोल्फ खेळत आहेत. जमिनीवर बर्फ आहे. पांढऱ्यावर पांढरा चेंडू दिसणार कसा, म्हणून चेंडू लाल रंगवले आहेत. प्रत्येक होलभोवतीचा बर्फ झाडून काढला जातो, तेव्हा कुठे पुढचा फटका मारता येतो. या दोघांपैकी एकजण महिन्याभरात मरण पावणार आहे. आणि ज्या मैदानावर ते खेळत आहेत त्याची राखण त्याचा बाप करतो आहे.

गोल्फच्या मैदानाला हिवाळा कसा सोसवायचा, हा प्रश्न ज्याने आयुष्यभर सोडवला त्या माणसाचा हा इतिहास. (धागा)

२/
आज गोल्फ म्हटले की डोळ्यांसमोर उन्हाळ्यातील लुसलुशीत हिरवळ येते. पण हा खेळ मुळात थंडीचा. गवत कापणारे यंत्र नव्हते त्या काळी स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात गवत इतके माजे की चेंडू सापडणे मुश्कील. शरद ऋतूत वाढ थांबली, मेंढ्यांनी आणि सशांनी उरलेसुरले कुरतडले, की मैदान खेळण्याजोगे होई. राजा चौथा जेम्स याच्या खजिन्याच्या हिशेबांत अर्ल ऑफ बॉथवेलबरोबर गोल्फ खेळल्याचा खर्च नोंदलेला आहे, तो फेब्रुवारी १५०४ मधला. म्हणजे ऐन हिवाळ्यातला. समुद्रापलीकडे हॉलंडमध्ये ‘कोल्फ’ नावाचा भाऊबंद खेळ तर गोठलेल्या कालव्यांवर चाले. हेंड्रिक आव्हरकाम्प याच्या हिवाळी चित्रांत तो आजही पाहता येतो.

३/
या खेळाची जमीन म्हणजे ‘लिंक्स’. समुद्र आणि सुपीक शेती यांच्यामधला वाळूचा, उंचसखल, वाऱ्याने झोडपलेला पट्टा. नांगर घालून उपयोग नाही, झाडे तग धरत नाहीत. उगवते ते बारीक पात्याचे चिवट गवत: फेस्क्यू आणि बेंट. खाली वाळू असल्याने पावसाचे पाणी झरझर निघून जाते, म्हणून भर डिसेंबरातही चिखल होत नाही. शेतकऱ्याने टाकाऊ ठरवलेली ही जमीन गोल्फला मात्र अगदी मानवली.

४/
टाकाऊ असली तरी बेवारस नव्हती. १५५२ सालच्या एका सनदेत आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याने सेंट अँड्र्यूजच्या लिंक्सवर ससे पाळण्याचा हक्क मिळवताना गावकऱ्यांचा तिथे खेळण्याचा हक्क मान्य केला. त्यात गोल्फचे नाव आहे. म्हणजे लिंक्स हे आपल्याकडील गायरानासारखे होते. तिथे मेंढ्या चरत, बायका काटेरी झुडपांवर कपडे वाळत घालत, मुले हुंदडत, आणि यांच्यामधून वाट काढत गोल्फ चाले.

५/
हे गायरान एकदा गावाच्या हातून गेलेही. १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने लिंक्स विकले. दोनच वर्षांत ते डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे आले. त्यांनी तिथे व्यापारासाठी ससे सोडले. सशांनी मैदान पोखरून चाळण केली, गोल्फवाले चवताळले, प्रकरण कोर्टात गेले. गावकऱ्यांना ससे मारण्याची मुभा मिळाली आणि जवळजवळ वीस वर्षे हाणामाऱ्या आणि खटले चालू राहिले. १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमचा जमीनदार जेम्स चीप याने जमीन विकत घेतली आणि गोल्फचे दिवस पालटले. याच साली, याच गावात एका विणकराच्या घरी टॉम मॉरिस जन्मला.

६/
टॉम मोठा होऊन ॲलन रॉबर्टसन या नामांकित खेळाडूकडे चेंडू बनवण्याचे काम शिकू लागला. चेंडू कसला, तर चामड्याच्या लहानशा पिशवीत उकडलेली पिसे कोंबकोंबून शिवलेला. कसलेल्या कारागिराच्या हातून दिवसाकाठी तीनचारच होत, त्यामुळे किंमत अफाट. पावसात भिजला की चेंडू फुगे, फाटे. गोल्फ ही मूठभर सुखवस्तू लोकांची चैन राहिली याचे मोठे कारण हा चेंडू होता. मैदान तग धरून होते त्याचेही कारण तोच, कारण खेळणारेच थोडे होते.

७/
१८४८ च्या सुमारास गटापर्चा आला. मलायातील एका झाडाचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि थंड झाला की कडक. त्याचा चेंडू स्वस्त, टिकाऊ आणि बिघडला तर पुन्हा वळता येणारा. सेंट अँड्र्यूजच्या एका घरी पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, तिच्याभोवती गटापर्चाचे तुकडे भरलेले होते आणि त्यातून पहिला चेंडू वळला गेला, अशी आख्यायिका आहे. गोड आहे; खरी असेलच असे नाही. रॉबर्टसनला मात्र हा चेंडू म्हणजे पोटावर पाय वाटला. टॉम तो चेंडू घेऊन खेळताना दिसला आणि गुरुशिष्यांचे बिनसले. १८५१ मध्ये टॉम पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविकला राखणदार म्हणून निघून गेला.

८/
इतिहासाच्या पुस्तकांत गटापर्चाची कथा खेळाडूंच्या बाजूने सांगितली जाते: खेळ स्वस्त झाला, सर्वांचा झाला. जमिनीच्या बाजूने पाहिले तर चित्र वेगळे दिसते. चेंडू स्वस्त झाला, तसे खेळणारे वाढले. कडक चेंडूमुळे लोखंडी क्लब सर्रास वापरात आले. पिसांच्या चेंडूला ते फाडून टाकत, म्हणून पूर्वी ते जपून वापरले जात. लोखंडी क्लब जमिनीचा लचका तोडतो. त्यात १८५२ मध्ये सेंट अँड्र्यूजला रेल्वे आली. कंपनी सरकारच्या बंगाल तोफखान्यातून निवृत्त झालेला ह्यू लायन प्लेफेअर तेव्हा गावाचा प्रोव्होस्ट, म्हणजे नगराध्यक्ष, होता आणि गाव झाडूनपुसून पाहुण्यांसाठी सज्ज करत होता. पाहुणे आले. मैदान तेवढेच राहिले.

९/
इथे गवताचा स्वभाव समजून घ्यायला हवा, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे. थंड प्रदेशातील हे गवत मातीचे तापमान साधारण ५-६ अंश सेल्सियसच्या खाली गेले की वाढणे थांबवते. जूनमध्ये क्लबने उखडलेला तुकडा काही आठवड्यांत भरून येतो. नोव्हेंबरमध्ये उखडलेला तुकडा एप्रिलपर्यंत उघडी जखम होऊन राहतो. शिवाय दव गोठलेले असताना पात्याच्या पेशींतील पाणीही गोठलेले असते. त्यावर पाय पडला की पेशी फुटतात. बर्फ वितळल्यावर माणूस चालत गेला त्या वाटेवर काळपट पावलांचे ठसे उमटतात आणि कित्येक दिवस जात नाहीत.

म्हणजे पेच असा: जो खेळ हिवाळ्याचा म्हणून जन्मला, तो हिवाळ्यातच जमिनीला सर्वांत महाग पडतो. दहावीस माणसे खेळत होती तोवर हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

१०/
प्रेस्टविकला टॉमने बारा होलचे मैदान आखले आणि राखले. तिथेच १७ ऑक्टोबर १८६० रोजी पुढे ‘ओपन’ म्हणून जगप्रसिद्ध झालेली स्पर्धा पहिल्यांदा झाली. विली पार्क जिंकला, टॉम दुसरा आला. नंतर १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार विजेतेपदे त्याने मिळवली. एरवी त्याची ओळख इथेच संपते. पण त्याचा खरा वारसा वाळूत आहे.

११/
सांगतात ते असे. प्रेस्टविकच्या एका ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक गवताच्या तुकड्याला ग्रीन म्हणतात) त्याच्या हातगाडीतून वाळू सांडली. काही काळाने पाहतो तो नेमके तिथलेच गवत दाट आणि तजेलदार झालेले. तेव्हापासून त्याने ग्रीनवर वाळू पसरण्याचा धडाका लावला. न्यूटनच्या सफरचंदासारख्या इतक्या चपखल गोष्टींकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा तिरक्या नजरेने पाहावे. वाऱ्याने उडालेली वाळू लिंक्सवर शतकानुशतके पडतच होती आणि तिच्याखाली गवत तरारत होते. डोळे उघडे असलेल्या राखणदाराला हातगाडी उलटण्याची वाट पाहावी लागली नसेल. निसर्ग अधूनमधून करत होता ते काम टॉमने नेमाने आणि हाताने सुरू केले, एवढे खात्रीने म्हणता येते.

१२/
वाळूने होते काय? गवताचे मेलेले देठ आणि मुळ्या जमिनीलगत साचून त्यांचा स्पंजासारखा थर बनतो. हा थर पाणी धरून ठेवतो. हिवाळ्यात तेच पाणी गोठते, कुजते, बुरशी धरते. बारीक वाळू या थरात मिसळली की पाण्याला वाट मिळते, खळगे भरतात, चेंडू सरळ घरंगळतो, आणि नव्या कोंबांना आधार मिळतो. ओलाव्यावर माजणारी भरड गवते मागे हटतात, बारीक फेस्क्यू टिकतो. शरद ऋतूत हे काम सर्वांत फळते, कारण हवा गार झाली तरी जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. पाते थांबते, पण मुळे काही आठवडे चालत राहतात. आपल्याकडे पेरणीपूर्वी वाफसा पाहतात, तसाच हा थोड्या दिवसांचा हंगाम.

१३/
१८६४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबने टॉमला परत बोलावले. पगार वर्षाला ५० पौंड, मैदानाच्या देखभालीसाठी आणखी २० पौंड. नेमणुकीच्या वेळी त्याच्या हाती सोपवलेली अवजारे: एक हातगाडी, एक फावडे, एक खोरे. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक गडी. जगातील सर्वांत नावाजलेल्या गोल्फ मैदानाच्या कायापालटाचे भांडवल एवढेच.

१४/
रॉबर्टसन १८५९ मध्ये वारला होता आणि मधल्या काळात मैदानाची रया गेली होती. होल चाकूने कोरत. त्यांच्या कडा ढासळत. जुन्या नियमानुसार पुढच्या होलचा पहिला फटका आधीच्या होलपासून क्लबच्या लांबीइतक्या अंतरातच मारायचा. चेंडू ठेवायला वाळूची ढिगळी लागे आणि ती वाळू लोक चक्क होलमधूनच उपसत. दिवस कलेपर्यंत काही होलांत हात कोपरापर्यंत जाई. अगदी ज्या जागेला सर्वांत जपायचे, तिथेच सर्वांत जास्त तुडवणूक. टॉमने फटका मारण्याच्या जागा ग्रीनपासून वेगळ्या काढल्या, होलांच्या कडा धातूने बांधल्या. यांत दिखाऊ काही नाही. पण हिवाळ्यात ग्रीन वाचायचा असेल तर आधी त्यावरचे पाय कमी करायला हवेत, हे त्यामागचे गणित.

१५/
मग मैदान रुंद करण्याचे काम. दोन्ही बाजूंनी गॉर्स नावाचे काटेरी, पिवळ्या फुलांचे झुडूप दाटले होते. मधली वाट इतकी चिंचोळी की जाणारे आणि येणारे एकाच ग्रीनवर, एकाच होलवर खेळत. टॉमच्या आधीच हे झुडूप मागे हटू लागले होते आणि दोन दोन होल असलेले प्रशस्त ग्रीन तयार होत होते. टॉमने ते काम नेटाने पुढे नेले. अठराव्या होलचा ग्रीन त्याने नव्याने बांधला. त्याच्यापुढील दगाबाज खळगा आज ‘व्हॅली ऑफ सिन’ या नावाने ओळखला जातो. १८७० मध्ये स्विल्कन ओढ्याच्या पलीकडे पहिल्या होलसाठी स्वतंत्र ग्रीन केला.

१६/
या एका ग्रीनमुळे भलतीच सोय झाली. आता मैदान दोन दिशांनी खेळता येऊ लागले: पूर्वापार चालत आलेली डावी फेरी आणि नवी उजवी फेरी. एक आठवडा ही, एक आठवडा ती. दिशा बदलली की चेंडू वेगळ्या ठिकाणी पडतात, लचके वेगळ्या ठिकाणी तुटतात, पायवाटा बदलतात. म्हणजे मैदान बंद न ठेवताच त्याचा अर्धा भाग पड टाकल्यासारखा. शेतकऱ्याच्या फेरपालटीची ही गोल्फमधील आवृत्ती. १८८६ सालची ॲमॅच्युअर स्पर्धा नजरचुकीने डाव्या फेरीनेच खेळली गेली असे सांगतात, इतकी ही अदलाबदल अंगवळणी पडली होती. पुढे उजवी फेरी कायम झाली, तरी जमिनीला विसावा द्यायला विसाव्या शतकातही हिवाळ्यात डावी फेरी खुली होत असे.

१७/
आणि रविवार. स्कॉटलंडच्या चर्चने रविवारच्या खेळांवर पूर्वीपासून डोळे वटारले होते, आणि टॉम स्वतः भाविक होता. पण रविवारी खेळू पाहणाऱ्यांना तो जे उत्तर देई ते धर्मशास्त्राचे नव्हते. तुम्हाला नसेल, पण मैदानाला विश्रांती हवी आहे, असा त्याचा आशय होता. धर्माने घातलेली बंदी त्याने जमिनीच्या भाषेत मांडली आणि म्हणूनच ती धर्माचा धाक ओसरल्यावरही टिकली. मोठ्या स्पर्धांचे मोजके अपवाद सोडले तर जुने मैदान आजही रविवारी खेळासाठी बंद असते. त्या दिवशी गावकरी तिथे कुत्री घेऊन फिरतात.

१८/
टॉमला कामात साथ होती डेव्हिड हनीमन या गड्याची. “अजून वाळू, हनीमन” हे टॉमचे पालुपद होते अशी आठवण गोल्फच्या जगात अजून सांगितली जाते. चाल साधी: वाळू भरायची, ढकलत न्यायची, पसरायची, पुन्हा यायचे. ग्रीन मोठाले, गाडी एकचाकी, वारा समुद्राकडून. टॉम रोज सकाळी समुद्रात डुंबून यायचा, हिवाळ्यातसुद्धा. हनीमनच्या सकाळी कशा जात हे कोणी लिहून ठेवलेले नाही. विजेत्यांची नावे चांदीवर कोरली जातात, वाळू वाहणाऱ्याचे नाव उरले ते मालकाच्या हुकुमाच्या शेपटाला.

१९/
आता त्या बर्फातील सामन्याकडे. टॉमचा मुलगा, तोही टॉम, गावात ‘टॉमी’. १८६८ ते १८७० सलग तीन ओपन जिंकून त्याने मानाचा पट्टाच कायमचा घरी नेला. १८७१ मध्ये स्पर्धा झाली नाही, १८७२ मध्ये पुन्हा तोच जिंकला. सप्टेंबर १८७५ मध्ये बापलेक नॉर्थ बेरविकला सामना खेळत असताना घरून तार आली. टॉमीची पत्नी मार्गारेट बाळंतपणात दगावली, बाळही गेले. टॉमी त्यातून सावरला नाही.

२०/
तरीही नोव्हेंबरअखेरीस तो इंग्लंडहून आलेल्या आर्थर मोल्सवर्थशी पैजेचा सामना खेळायला उतरला. सहा दिवस, रोज दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत मोल्सवर्थला सहा फटक्यांची सवलत. त्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा. मध्येच बर्फ पडला. चेंडू लाल झाले, ग्रीन झाडले गेले, सामना चालूच राहिला.

ज्या माणसाने दव गोठलेल्या गवताला पाय लागू नये म्हणून आयुष्य वेचले, त्याच्याच मैदानावर, त्याचाच मुलगा. मैदान थांबवण्याचा अधिकार बापाकडे रविवारपुरता होता.

टॉमी जिंकला. २५ डिसेंबर १८७५ च्या सकाळी तो अंथरुणात मृतावस्थेत आढळला. वय २४. कारण फुफ्फुसातील रक्तस्राव. गावाने ‘दुःखाने गेला’ असे म्हटले आणि ते आजवर म्हटले जाते. बर्फातील त्या सहा दिवसांचा त्यात किती वाटा, यावर नंतरच्यांनी पुष्कळ तर्क केले आहेत. पुरावा मात्र तर्काच्या पुढे जात नाही.

२१/
टॉम यानंतर ३२ वर्षे जगला आणि त्यांतील बहुतेक वर्षे मैदानावरच. कामाचे स्वरूप बदलत होते. १८३० मध्ये ग्लॉस्टरशरच्या एडविन बडिंगने पेटंट घेतलेले गवत कापण्याचे यंत्र हळूहळू मैदानांवर पोहोचले आणि खेळ उन्हाळ्यात सरकला. यंत्राने एक मोठा हंगाम जोडला, पण जुना हंगाम काही कोणी सोडला नाही. आता मैदान बारा महिने तुडवले जाऊ लागले. ‘हिवाळ्यासाठी मैदान तयार करणे’ हे स्वतंत्र काम जन्मले ते इथे. त्यापूर्वी त्याची गरजच नव्हती.

२२/
गायरानाची कटकट होतीच. १८७६ ची ओपन सेंट अँड्र्यूजला झाली तेव्हा लिंक्स स्पर्धेसाठी राखून ठेवलेलेच नव्हते. स्पर्धकांच्या मधून गावकरी आपापले खेळत होते. जेतेपदाच्या उंबरठ्यावर असलेल्या डेव्ही स्ट्रॅथचा चेंडू अशाच एका स्थानिक खेळाडूच्या डोक्यात बसला. हे वाचून हसू येते, पण राखणदाराच्या जागी उभे राहून पाहावे: दाराला कडीच नसलेले घर सांभाळायचे आहे. अखेर १८९४ मध्ये संसदेचा कायदा करून नगराने लिंक्स परत विकत घेतले आणि गर्दी वाटली जावी म्हणून शेजारी ‘न्यू कोर्स’ झाला. तो १८९५ मध्ये खुला झाला, आखणी टॉमचीच. मूळ मैदानाला ‘ओल्ड कोर्स’ हे नाव चिकटले ते या नव्या भावंडामुळे.

२३/
टॉमच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत डॉर्नोकचा डोनाल्ड रॉस होता. तो १८९९ मध्ये अमेरिकेला गेला. उत्तर अमेरिकेत हिवाळा म्हणजे कित्येक फूट बर्फ, मैदाने सरळ बंद. म्हणून श्रीमंत मंडळी दक्षिणेकडे जात आणि त्यांच्यासाठी नॉर्थ कॅरोलायनात पाइनहर्स्ट हे हिवाळी विश्रामस्थान उभे राहिले होते. वाळूने गवत जगवायला शिकलेला रॉस तिथे पोहोचला तेव्हा ग्रीन होते निव्वळ वाळूचे. त्या उष्ण हवेत टिकेल असे बारीक गवत सापडत नव्हते. त्याच्या प्रसिद्ध ‘नंबर टू’ मैदानावर गवताचे ग्रीन आले ते थेट १९३५ च्या सुमारास. ब्रिटिशांबरोबर खेळ भारतात त्याही आधी पोहोचला होता: कोलकात्यात १८२९, मुंबईत १८४२. इथे राखणदाराची डोकेदुखी बर्फ नव्हे तर पावसाळा.

२४/
टॉम १९०३ मध्ये निवृत्त झाला. २४ मे १९०८ रोजी क्लबच्या जिन्यावरून पडून गेला, वय ८६. कॅथीड्रलच्या पडक्या भिंतीलगत, टॉमीच्या स्मारकाच्या पायथ्याशी त्याला पुरले. अठराव्या होलला त्याचे नाव आहे, आणि त्याच ग्रीनसमोर रस्त्यापलीकडे त्याचे दुकान होते. खिडकीत उभे राहिले की आपण बांधलेला ग्रीन समोर दिसावा, अशी जागा.

२५/
आजच्या ओल्ड कोर्सवर हिवाळ्याची चाहूल लागते ती बंकरपाशी. बंकर म्हणजे वाळूचे खड्डे. मेंढ्यांनी वाऱ्यापासून आडोसा शोधताना जमीन उकरली, त्यातून कित्येक तयार झाले असे मानतात. ओल्ड कोर्सवर असे ११२ आहेत. त्यांच्या उभ्या भिंती गवतासकट कापलेल्या मातीच्या पट्ट्या विटांसारख्या एकावर एक रचून बांधतात. ऊन, वारा आणि खेळाडूंचे फटके यांनी त्या काही वर्षांत खचतात. मग खेळ मंदावला की जुनी भिंत पाडायची, नवे थर कापून आणायचे, तिरपे रचत वर जायचे. मोजमाप दोरीने, पण शेवटी हात आणि नजर. हे काम यंत्राने होत नाही.

२६/
ग्रीनला छिद्रे पाडून हवा दिली जाते, कापण्याची उंची वाढवली जाते, वाळू पसरली जाते. हातगाडीच्या जागी यंत्र आहे, ते तासाभरात हनीमनचा आठवडा उरकते. दव गोठलेल्या सकाळी पहिली जोडी किती वाजता सोडायची हे अजूनही राखणदार ठरवतो, आणि सूर्य वर येऊन गवत मोकळे होईपर्यंत जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेले पाहुणे हात चोळत उभे राहतात.

२७/
आणि नोव्हेंबर ते मार्च एक वेगळेच दृश्य. फेअरवेवरचा प्रत्येक फटका मारण्यापूर्वी खेळाडूने चेंडू उचलायचा, सोबत दिलेली लहानशी चटई जमिनीवर अंथरायची, चेंडू त्यावर ठेवायचा आणि मग मारायचा. म्हणजे लचका चटईचा तुटेल, गवताचा नाही. मग चटई उचलून काखेत मारायची आणि पुढे चालू लागायचे. वर्षभर स्वप्न पाहून, समुद्र ओलांडून आलेला माणूस ओल्ड कोर्सच्या गवतावर उभा असतो आणि त्याचा क्लब त्या गवताला शिवतसुद्धा नाही. काहीजण कुरकुरतात. पहिल्या होलपाशी चटया देणारा माणूस ऐकून घेतो आणि पुढच्या जोडीला चटई देतो.